नवा मॅग्नेट्रॉन टाकूनही 25 किलोवॅटच्या जागी 10 येतात तेव्हा

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. जहाजावरचं एक्स-बँड (सुमारे 9.4 गिगाहर्ट्झचं) रडार, 25 किलोवॅटचं. मास्टर, म्हणजे कॅप्टन, म्हणतो पिक्चर कमजोर आहे. कुणीतरी पॉवर मीटर लावतो, हिशेब करतो, उत्तर 10-12 किलोवॅट येतं. मग निदान ठरलेलं: मॅग्नेट्रॉन, म्हणजे रडारच्या लहरी तयार करणारी नळी, गेला. नवा मागवतात, बसवतात, पुन्हा मोजतात. पुन्हा 10-12. तेव्हा त्याला झटके देणाऱ्या मॉड्युलेटरवर संशय, मग पल्स ट्रान्सफॉर्मरवर, आणि शेवटी 'नवा मॅग्नेट्रॉनच डुप्लिकेट निघाला' यावर गाडी येऊन थांबते.

मुंबई हायला सामान नेणाऱ्या एका सप्लाय जहाजावर दोन वर्षांत दोन मॅग्नेट्रॉन बदलले गेले होते. तिसरा मागवायच्या आधी मला बोलावलं. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने अँकरेजला गेलो, तर ईटीओने (जहाजाच्या इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसरने) हातात वही दिली. वहीत तिन्ही वेळच्या नोंदी: 10.2, 9.6, 9.8. तीन वेगवेगळ्या स्थितीतले तीन मॅग्नेट्रॉन आणि आकडा एकच. मला संशय आला तो इथेच. मॅग्नेट्रॉन हळूहळू म्हातारा होतो, प्रत्येकाचं वय वेगळं असतं. तिघांचं उत्तर जवळजवळ सारखं येत असेल, तर तिघांत समान काय आहे ते बघायचं. समान होती मोजणारी वायर, मोजणारा कपलर (जाणाऱ्या पॉवरचा छोटा ठरावीक अंश मोजायला बाहेर काढणारा तुकडा) आणि मोजणाऱ्याचा हिशेब.

मीटर पीक पॉवर दाखवत नाही

हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही चुका इथेच होतात. थर्मिस्टर किंवा थर्मोकपल सेन्सर म्हणजे उष्णता मोजणारा प्रकार. त्याला 25 किलोवॅटचा झटका, म्हणजे पीक, समजत नाही, त्याला समजते ती सगळ्या झटक्यांची मिळून येणारी सरासरी. रडार एका सेकंदात जेमतेम पाऊण मिलिसेकंद प्रक्षेपण करतं, बाकी वेळ ऐकत बसतं. म्हणून पीक काढायची ती भागाकाराने:

पीक पॉवर = सरासरी पॉवर ÷ (पल्सची लांबी × सेकंदाला किती पल्स)

या जहाजावरच्या सेटचे आकडे असे. शॉर्ट पल्स 0.07 मायक्रोसेकंद, पीआरएफ (सेकंदाला किती पल्स) 3000. मीडियम 0.3 आणि 1500. लाँग 1.2 आणि 600. मॅग्नेट्रॉन तोच, पीक तीच 25 किलोवॅट, पण सरासरी शॉर्टला 5.25 वॅट, मीडियमला 11.25, लाँगला 18. म्हणजे मोजताना सेट कुठल्या पल्सवर होता हे नक्की माहीत नसेल तर पुढचा सगळा हिशेब हवेत. मीडियमवर मोजलं आणि लाँगच्या आकड्याने भागलं, तर 25 चे 15.6 किलोवॅट होतात आणि एका चांगल्या मॅग्नेट्रॉनचा बळी जातो.

पल्स रेंजप्रमाणे आपोआप बदलते हे विसरू नका. दोन डिस्प्ले जोडलेले असतील तर पल्स मास्टर डिस्प्लेवरच्या रेंजने ठरते. तुम्ही स्लेव्हवर 24 मैल लावून बसलात आणि मास्टरवर सेकंड मेटने जवळचं बघायला 3 मैल केले, तर तुमच्या पायाखालची जमीन सरकली आणि तुम्हाला पत्ताही नाही. मोजणी चालू असताना ब्रिजवरच्या माणसाला 'हात लावू नका' म्हणून सांगा, आणि तरी मधूनमधून तिकडे नजर टाका.

उलटी चूकही होते. 25 च्या मॅग्नेट्रॉनमधून 31 किलोवॅट आले की लोक खूश होऊन रिपोर्ट लिहितात. चुकीच्या मॅन्युअलमधला पीआरएफ घेतला असेल, दुसरं काही नाही. जास्त आलेला आकडाही तेवढाच संशयास्पद.

उणे 11.5 चा प्रवास

आता त्या जहाजावरची प्रत्यक्ष मोजणी. ट्रान्सीव्हर (लहरी सोडणारा आणि ऐकणारा खोका) ब्रिजच्या मागच्या खोलीत, तिथून सुमारे बारा मीटर वेव्हगाइड, म्हणजे लहरी नेणारी धातूची पोकळ नळी, वर मास्टवरच्या स्कॅनरपर्यंत, म्हणजे फिरणाऱ्या अँटेनापर्यंत. ट्रान्सीव्हरच्या तोंडाशी कायमचा बसवलेला डायरेक्शनल कपलर, त्यावर '30 डीबी' असं लेबल. कपलरपुढे 20 डीबीचा ॲटेन्युएटर (पॉवर ठरावीक प्रमाणात कमी करणारा), मग दीड मीटर केबल, मग सेन्सर. लाँग पल्स. मीटर दाखवत होतं उणे 11.5 डीबीएम, म्हणजे 1 मिलिवॅटपेक्षा 11.5 डेसिबल (डीबी) कमी.

वहीतला हिशेब असा होता: उणे 11.5, त्यात कपलरचे 30 आणि ॲटेन्युएटरचे 20 मिळवले, झाले 38.5. लाँग पल्सची ड्यूटी (सेकंदातला प्रक्षेपणाचा हिस्सा, ज्याने भागायचं) 1.2 गुणिले 600, म्हणजे 31.4 डेसिबल. बेरीज 69.9 डीबीएम, म्हणजे 9.8 किलोवॅट. गणित अगदी बरोबर आहे. त्यात घातलेले आकडे चूक आहेत.

मी आधी केबल काढली आणि सेन्सर थेट ॲटेन्युएटरवर चढवला. रीडिंग उणे 9.9. म्हणजे केबल एकटीच 1.6 डेसिबल खात होती आणि हिशेबात ती कुठेच नव्हती. 9.4 गिगाहर्ट्झला साधी पातळ केबल मीटरमागे एक-दोन डेसिबल गिळते. व्हीएचएफच्या कामाला वापरतो तीच केबल आणि तेच बीएनसी कनेक्टर लावून लोक एक्स-बँड मोजतात. बीएनसी 4 गिगाहर्ट्झपर्यंतचा माणूस, त्याच्याकडून याची अपेक्षा करू नये. केबलची घट मोजायला वर्कशॉप लागत नाही, वर केलं तसं एकदा केबलसह आणि एकदा केबलशिवाय वाचायचं. फरक म्हणजे केबल.

दुसरं, कपलर. लेबलवरचे 30 हे नावापुरते. कपलरच्या पाठीला चिकटवलेला तक्ता रंगाखाली गेला होता. नखाने खरवडल्यावर 9.4 गिगाहर्ट्झपुढे 30.7 दिसलं. आठवणीने सांगतो, कपलरला शक्यतो रंग मारू नका, मारणाऱ्याला अडवता येत नसेल तर मारू द्या, पण तक्त्यावर आधी टेप लावा.

तिसरं मला सगळ्यात आवडलेलं. मीटरचं फिल्टर (किती वेळची सरासरी घ्यायची ते) कमी करून बघितलं तर रीडिंग अडीच सेकंदाला एकदा डुबकी मारत होतं. स्कॅनर मिनिटाला 24 फेरे मारतो, म्हणजे एक फेरा बरोबर अडीच सेकंदांचा. रोटरी जॉइंट खराब असेल तर असं होतं, पण ते आधी परावर्तित पॉवरमध्ये दिसायला हवं. ही डुबकी फॉरवर्डमध्ये, म्हणजे वर जाणाऱ्या पॉवरमध्ये, आणि थेट तळापर्यंत. सेटिंगमध्ये गेलो. मागच्या बाजूला, फनेलच्या दिशेला, 60 अंशांचं सेक्टर ब्लँकिंग लावलेलं. त्या 60 अंशांत रडार प्रक्षेपणच करत नाही. सहावा हिस्सा वेळ पॉवर शून्य, म्हणजे सरासरीत 0.8 डेसिबलची घट. मीटरचं फिल्टर जास्त ठेवलं की ही डुबकी गुळगुळीत होऊन सरासरीत मिसळते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मोजताना ब्लँकिंग बंद करा. अर्थात त्या दिशेला, रडारच्या पातळीवर कुणी उभं नाही याची खात्री करून.

चौथं, पल्सची खरी लांबी. मॅन्युअलमध्ये 1.2 म्हणून ती 1.2 असतेच असं नाही, मॉड्युलेटर वापरात झिजतो. डिटेक्टर लावून स्कोपवर पाहिली. पहिल्यांदा पल्सला लांबलचक शेपूट दिसलं आणि लांबी दोन मायक्रोसेकंदांच्या वर भरली. कारण स्कोपचं इनपुट 1 मेगाओमवर होतं. 50 ओमचं टर्मिनेशन लावल्यावर शेपूट गेलं आणि अर्ध्या उंचीवर 1.05 मायक्रोसेकंद मिळाले. डिटेक्टर कमी पातळीवर वापरला तर त्याचं व्होल्टेज पॉवरच्या प्रमाणात असतं, म्हणून अर्ध्या उंचीवर मोजायचं. पातळी चढवली की हे नातं बिघडतं आणि लांबीही. पीआरएफ मोजला तो 600 निघाला. काही सेट दुसऱ्या रडारचा गोंधळ टाळायला पीआरएफ मुद्दाम थोडा हलवत राहतात, तिथे काउंटरवर एक सेकंदाची सरासरी घ्यावी.

आता नवा हिशेब. उणे 11.5, अधिक केबलचे 1.6, अधिक 20, अधिक 30.7, झाले 40.8. ब्लँकिंगचे 0.8 मिळवून 41.6. ड्यूटी 1.05 गुणिले 600, म्हणजे 32 डेसिबल. एकूण 73.6 डीबीएम. सुमारे 23 किलोवॅट.

मॅग्नेट्रॉन ठणठणीत होता. आधीचे दोघेही बहुधा तसेच असावेत.

चार चुका, एकेक जेमतेम अर्ध्या-पाऊण डेसिबलची, केबल तेवढी दीडची. एकट्या चुकीने कुणी फसलं नसतं. पण चारही चुका एकाच दिशेच्या होत्या, पॉवर कमी दाखवणाऱ्या. योगायोग नाही. मोजणीच्या वाटेत ज्या गोष्टी विसरल्या जातात त्या बहुतेक खाणाऱ्याच असतात, घालणारं कुणी नसतं.

सेन्सर जाळू नका

20 डीबीचा ॲटेन्युएटर कशाला, सरासरी तर कपलरनंतर 18 मिलिवॅटच आहे आणि सेन्सर 100 मिलिवॅटचा आहे, असा प्रश्न एका ज्युनियरने विचारला होता. सरासरी 18 मिलिवॅट खरी, पण 30 डीबीच्या कपलरमधून बाहेर येणारी पीक 25 वॅट आहे. सेन्सरला सरासरीची एक मर्यादा असते आणि पीकची दुसरी. थर्मोकपल सेन्सरची पीक मर्यादा साधारण दहा-पंधरा वॅटच्या घरात असते. सेन्सर एकदम मरत नाही हीच अडचण. तो थोडा भाजतो, थोडा कमी दाखवायला लागतो, आणि पुढची दोन वर्षं तुम्ही निरोगी मॅग्नेट्रॉन काढत राहता. म्हणून दर वेळी सुरुवातीला मीटर झिरो करून 50 मेगाहर्ट्झ, 1 मिलिवॅटच्या संदर्भावर तपासा. आणि मग सेन्सरवर छापलेल्या तक्त्यातून 9.4 गिगाहर्ट्झचा कॅलिब्रेशन फॅक्टर मीटरला भरा. तो राहिला तर अजून पाव डेसिबल गेलंच.

साधा डायोड सेन्सर घेतला असेल तर उणे 20 डीबीएमच्या वर पल्स मोजू नका. तिथे डायोड सरासरी सांगायचं सोडून स्वतःच्या मनाचं काहीतरी सांगतो.

स्पेक्ट्रम ॲनालायझर असेल तर अजून एक खड्डा. मार्कर शिखरावर ठेवून आलेला आकडा लोक पीक पॉवर समजतात. पल्सची ऊर्जा स्पेक्ट्रममध्ये पसरलेली असते आणि फिल्टर तिचा एक तुकडाच बघतो. 1 मायक्रोसेकंदाच्या पल्सला 100 किलोहर्ट्झच्या फिल्टरने पाहिलं तर आकडा खऱ्या पीकपेक्षा सोळा-एक डेसिबल खाली येतो. ॲनालायझर वारंवारिता आणि आकार बघायला वापरा. 9410 मेगाहर्ट्झच्या आसपास, 30 च्या आत आहे का, मुख्य लोब (स्पेक्ट्रममधला मधला उंचवटा) स्वच्छ आहे का, बाजूचे लोब सारखे आहेत का. मॅग्नेट्रॉन खरंच म्हातारा झाला असेल तर तो इथे बोलतो: लोब दुभंगतो, एका बाजूला झुकतो, मधूनमधून दुसऱ्याच वारंवारितेवर उडी मारतो.

सर्व्हिस मेनूमधला मॅग्नेट्रॉन करंट हासुद्धा पॉवर नाही. करंट ठरलेल्या पट्ट्यात असूनही पॉवर पडलेली असू शकते. सुईच्या किंवा पट्टीच्या थरथरण्यावरून मात्र बरंच कळतं.

मग पिक्चर कमजोर का?

हा प्रश्न मास्टरने विचारलाच, आणि त्याचा हक्क होता. तुम्ही म्हणता पॉवर ठीक, पण खांदेरी पूर्वीसारखं दिसत नाही.

इथे एक साधी गोष्ट आधीच लक्षात यायला हवी होती. रडारचा पल्ला पॉवरच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतो. 23 चे 10 किलोवॅट खरोखर झाले असते, तरी पल्ला जेमतेम एकोणीस टक्के घटला असता. डोळ्याला ते सहसा जाणवतही नाही, समुद्राची आणि हवेची रोजची हालचाल त्याहून मोठी असते. मास्टर सांगत होता पल्ला अर्धा झालाय. अर्धा व्हायला एकूण 12 डेसिबल जावे लागतात. एवढे डेसिबल मॅग्नेट्रॉन हरवत असेल तर तो करंटमध्ये, स्पेक्ट्रममध्ये, सगळीकडे बोंब मारतो. पण वेव्हगाइडमध्ये 6 डेसिबल गेले तर जातानाही 6 जातात आणि येतानाही 6. बारा झाले. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दोन वर्षं.

कपलरचं रिव्हर्स पोर्ट पाहिलं. परावर्तित पॉवर फॉरवर्डपेक्षा फक्त 8 डेसिबल खाली होती. व्हीएसडब्ल्यूआर (किती पॉवर परतते त्याचं माप, 1 म्हणजे काहीच नाही) 2.3 च्या वर. निरोगी ओळीवर, म्हणजे वेव्हगाइडवर, हा फरक 14 डेसिबलपेक्षा बराच जास्त असायला हवा. आणि यात एक फसवणूक आहे: ओळीतच जर 3 डेसिबल जात असतील, तर वर सगळंच्या सगळं परतलं तरी खाली फक्त 6 डेसिबलचा फरक दिसणार, अजून जास्त घट असेल तर फरक अजून 'चांगला' दिसणार. म्हणजे ओळ जितकी खराब, तितकं खालचं रीडिंग कधीकधी देखणं. आठ डेसिबल पाहून 'फार वाईट नाही' असं म्हणून सोडून देऊ नका. परतणारी ही पॉवर मॅग्नेट्रॉनची वारंवारिता ओढते आणि रिसीव्हरला जादा पॉवरपासून वाचवणाऱ्या लिमिटरचेही हाल करते.

रडार बंद केलं, ब्रेकर काढून त्यावर टॅग लावला, स्कॅनरचा सेफ्टी स्विच बंद केला आणि वर गेलो. स्कॅनरखालच्या पहिल्याच वळणाचे स्क्रू सैल केले तसं फ्लँजमधून हिरवट पाणी माझ्या मनगटावरून बाहीत गेलं. फार नाही, दोन चमचे. पण वेव्हगाइडचं आतलं माप 22.86 बाय 10.16 मिलिमीटर. एवढ्या अरुंद नळीत रुंद बाजूवर पाण्याचा पातळ थर पसरला तरी 9.4 गिगाहर्ट्झची वाट लागते, कारण या वारंवारितेला पाणी ऊर्जा मनापासून शोषतं. वळणाच्या आत तांब्यावर हिरवी साय जमली होती. ओ-रिंग चपटी होऊन कडक झालेली, आणि फ्लँजमधली पारदर्शक पट्टी, जी ओल खाली उतरू नये म्हणून असते, ती नव्हतीच. मागच्या कुणीतरी मॅग्नेट्रॉन बदलताना 'ओळही बघून घेऊ' म्हणून फ्लँज उघडली असावी आणि पट्टी खाली उडून गेली असावी. एका पावसाळ्याचं काम.

वळण बदललं, बाकी ओळ कोरड्या हवेने फुंकून काढली, नव्या ओ-रिंग, नवी पट्टी, बाहेरून सीलिंग टेप. रिव्हर्स आता फॉरवर्डच्या 21 डेसिबल खाली. खांदेरी आपल्या जागी, उंदेरी शेजारी वेगळं दिसायला लागलं.

परफॉर्मन्स मॉनिटर याच कामासाठी असतो. 1 जुलै 2008 पासून बसवल्या जाणाऱ्या रडारना लागू असलेल्या आयएमओच्या एमएससी.192(79) या मानकात तो सांगितलेला आहे: बसवताना ठरवलेल्या पातळीपेक्षा कामगिरी लक्षणीय घसरली तर ते सहज कळलं पाहिजे. मॉनिटर स्कॅनरच्या बाजूला बसतो, त्यामुळे ओळीतली घट त्याला दिसते आणि ट्रान्सीव्हरजवळच्या फॉरवर्ड कपलरला दिसत नाही. मॉनिटर वाईट आणि कपलर चांगला, तर दोष त्या दोघांमध्ये. या जहाजावर मॉनिटर दोन वर्षं वाईटच दाखवत होता. पण बसवतानाच्या आकड्याची नोंद हरवलेली, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

ट्रान्सीव्हर मास्टवरच असेल तर कपलर बहुतेक नसतोच आणि वर पॉवर मीटर घेऊन चढणं जिवावरचं काम. तिथे मी आधी मॉनिटर, करंट आणि स्पेक्ट्रम बघतो. कपलर मधे घालायची वेळ क्वचित येते. सॉलिड-स्टेट (मॅग्नेट्रॉनऐवजी ट्रान्झिस्टरच्या) सेटला तर वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो, कारण तिथे पीक शे-दोनशे वॅट आणि पल्स कितीतरी लांब. त्यावर 25 किलोवॅट शोधायला जाऊ नका.

निघताना ईटीओने स्टोअरमधून जुना काढलेला मॅग्नेट्रॉन आणला. खोक्यावर मार्करने 'डेड' लिहिलेलं. वेळ होता म्हणून तो चढवला. लोखंडी स्क्रूड्रायव्हर लांब ठेवून, कारण लोहचुंबकाला तो चिकटला की चुंबक कमजोर होतो. बरेच दिवस पडून असलेल्या मॅग्नेट्रॉनला लगेच लाँग पल्सवर नेत नाहीत, म्हणून अर्धा तास स्टँडबायवर तापू दिला, मग शॉर्ट पल्स, मग मीडियम, मग लाँग. मधे दोनदा करंट उडाला, नंतर शांत झाला. बरोबर 22 किलोवॅट. ईटीओने 'डेड' खोडलं, त्याखाली आकडा आणि तारीख लिहिली आणि खोका स्पेअरच्या फळीवर ठेवला, लोखंडी कपाटापासून वीतभर दूर.